जोर लावण्याआधी

रुतलेल्या गाड्या विंच लावून बाहेर काढण्याचं काम बरीच वर्षं केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या कामातला धोका दोरावर किती ताण येतो त्यावर ठरतो, आणि तो ताण किती येणार हे बटण दाबण्याच्या बरंच आधी, फावडं हातात असताना ठरून गेलेलं असतं. म्हणून कुणालाही इजा न होता गाडी निघावी असं वाटत असेल तर मोठा विंच घेण्यापेक्षा गाडी कमी जोरात निघेल अशी तयारी करण्यात वेळ घालवावा, एवढंच मला सांगायचं आहे. आपल्याकडे या विषयावरचं बोलणं बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. जिप्सी आणि थार घेऊन पावसाळ्यात सह्याद्रीत जाणाऱ्यांची संख्या वाढली, गोव्यात 2014 पासून ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा सुरू झाली, आणि पूर्वी लष्कराच्या गाड्यांवर दिसणारा विंच हौशी माणसांच्या बंपरवर आला. ही चांगली गोष्ट आहे. पण विंच घेताना पहिला प्रश्न असतो तो ‘किती टनांचा’, आणि गाडी अडकली की पहिली हालचाल असते ती हुक सोडवून पुढे धावण्याची. गाडी नेमकी कशात अडकली आहे हे गुडघ्यावर बसून बघणारा माणूस एखादाच असतो.

गाडी ओढायला किती जोर लागतो याचा अमेरिकी लष्कराच्या पुस्तकांतून आलेला एक जुना ठोकताळा आहे. चाकं टायरभर चिखलात गेली असतील तर जवळपास गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत गेली असतील तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेली असतील तर तिप्पट. वर चढ असेल तर त्याचा भार वेगळा. तीस अंशांच्या चढावर गाडीच्या वजनाचा निम्मा भाग त्यात मिळवावा लागतो. माणसं आणि सामान धरून दोन टनांची थार मडगार्डपर्यंत रुतली, तर सपाटीवरसुद्धा चार टनांच्या आसपास ओढ लागेल. हे आकडे काटेकोर नाहीत, पण त्यांतलं प्रमाण मला कामात वारंवार खरं ठरताना दिसलं आहे. आणि त्या प्रमाणातच सगळं सार आहे: मडगार्डपर्यंत रुतलेली गाडी खणून टायरच्या पातळीवर आणली, तर लागणारा जोर निम्म्यावर येतो. अर्ध्या तासाच्या फावड्याने जे साधतं, ते दुप्पट किमतीचा विंच घेऊन साधत नाही.

खणायचं कुठे, हेही जमिनीवर ठरतं. भातखाचरात वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते, त्यामुळे मऊ गाळाखाली एक कठीण थर तयार होतो. चाक त्या थरापर्यंत जातं आणि तिथे टेकतं. गाडीला खरं अडवत असते ती टायरसमोर उभी राहिलेली चिखलाची भिंत, आणि पोटाखाली डिफरन्शियलच्या गोळ्याने नि अ‍ॅक्सलने नांगरासारखी पुढे ढकललेली माती. म्हणून प्रत्येक चाकासमोर उतरती वाट काढायची, गोळ्यापुढची माती मोकळी करायची, आणि पाणी साचलं असेल तर आधी चर मारून ते काढून द्यायचं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण येते. ती ओली झाली की टायरला आणि गाडीच्या पोटाला चिकटते, हवा आत शिरू देत नाही, आणि गाडी खालून धरून ठेवल्यासारखी होते. तिथे टायरच्या कडेने पहार घालून माती सुटी करायची. ओढ लावण्याआधी ही पकड सुटली पाहिजे. कोकणच्या पुळणीवर तर पुष्कळदा विंचची गरजच पडत नाही. टायरमधली हवा तिसाच्या आसपास असते, ती पंधरा-सोळा पीएसआयवर आणली, चाकांमागची वाळू उपसली आणि आलेल्या वाटेनेच हळू मागे घेतली, तर गाडी आपली आपण निघते. वाळूत चाक जागच्या जागी फिरवत राहणं हे मात्र स्वतःच्या हाताने खड्डा खणणं आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी केलं जातं.

आता विंचची बाजू. त्यावर लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत आतल्या थरासाठी असतो. दोराचे थर चढत जातात तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटलेली असते. म्हणजे 4,300 किलोंचा विंच घेऊन समोरच्या पाच मीटरवरच्या झाडाला दोर बांधला, तर हातात तीन टनांपेक्षा कमीच ओढ उरते. जवळचं झाड सोडून लांबचं झाड धरलं, की दोर जास्त सुटतो आणि ताकद वाढते. मात्र तारेच्या दोराचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा फेरे ड्रमवर राहू द्यायलाच हवेत, कारण दोराच्या टोकाची पकड भार पेलण्यासाठी नसते. भार पेलतं ते त्या फेऱ्यांचं घर्षण. पूर्ण भारावर मोटर चारशे अ‍ॅम्पिअरहून जास्त वीज खेचते. आपल्या गाड्यांचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही जात नाही, बाकीचं सगळं बॅटरीतून येतं. इंजिन चालू ठेवलं तरी थोडं ओढून थांबायचं, मोटर निवू द्यायची. इथेही कप्पीचा, म्हणजे स्नॅच ब्लॉकचा उपयोग लोक फक्त विंच अपुरा पडला की आठवतात. दोर झाडाला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीला बांधला, तर चार टनांच्या कामाला दोरावर दोनच टन ताण येतो. वेग निम्मा होतो, आणि रुतलेली गाडी हळू निघण्यात नुकसान काहीच नाही. कप्पी ही कमजोर विंचची कुबडी आहे असं मानणाऱ्यांशी मी या एका मुद्द्यावर कायम वाद घालत आलो आहे. विंच सक्षम असला तरीही ती लावावी, आणि का लावावी ते दोर तुटला तर काय होतं याच्या हिशेबात दिसतं.

ताणलेल्या दोरात ऊर्जा साठते, आणि तो तुटला की ती क्षणात मोकळी होते. पंचवीस मीटर तारेच्या दोरावर चार टन भार आला आणि तो एक टक्का लांबला, तर लांबी पाव मीटरने वाढते. ताणाच्या निम्म्याला त्या लांबीने गुणलं की साधारण 5,000 ज्यूल होतात. 50 किलोंची सिमेंटची गोणी तिसऱ्या मजल्यावरून, दहा मीटर उंचीवरून खाली यावी, तेवढी ही ऊर्जा. आता तोच दोर दोन टनांवर ठेवा. भार निम्मा झाला, ताणलेली लांबीही निम्मी झाली, म्हणून ऊर्जा निम्मी न होता चौथ्या हिश्शावर, 1,250 ज्यूलवर येते. खणून आणि कप्पी लावून ताण निम्मा केला की दोरातला धोका चौपट कमी होतो. याच गणिताची दुसरी बाजू जास्त भयंकर आहे. झटका देऊन गाडी काढायचा जो नायलॉनचा लवचिक पट्टा असतो, तो मुद्दाम ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. नऊ मीटरचा पट्टा चार टनांवर वीस टक्के लांबला, तर त्यात 36,000 ज्यूल साठतात. त्यातला दहावा हिस्सा जरी तुटलेल्या एक किलोच्या शॅकलला, म्हणजे पट्टा जोडायच्या लोखंडी कडीला मिळाला, तरी तो शॅकल ताशी 300 किलोमीटरने सुटतो. म्हणून विंचच्या दोराची लांबी कमी पडली की हाताला येईल तो पट्टा जोडायचा, ही सवय मोडायला हवी. तिथे न ताणला जाणारा विंचचा पट्टाच लागतो.

इथे नेहमी येणारी हरकत अशी, की सिंथेटिक दोर आल्यापासून ही भीती जुनी झाली. हरकतीत तथ्य आहे, आणि मी स्वतः आता सिंथेटिकच सुचवतो. तो त्याच जाडीच्या तारेपेक्षा कितीतरी हलका असतो, तुटला तर तारेसारखा सपकन अंगावर न येता लवकर खाली पडतो, आणि त्याच्या तुटक्या तारा हातात घुसत नाहीत. पण उडून लागतं ते दरवेळी दोराचं टोक नसतं. गाडीवरचा ब्रॅकेट उपटला, शॅकल फुटला, तर जड लोखंड दोराबरोबर येतं, मग दोर कशाचाही असो. ऑस्ट्रेलियात अशा कामात माणसं दगावल्याच्या घटनांत ट्रेलर ओढायच्या टो-बॉलचं नाव पुन्हा पुन्हा येतं. तो गोळा गाडी उपसून काढण्याच्या ताणासाठी बनवलेलाच नसतो, आणि तो तुटला की तोफगोळ्याचं काम करतो. आपल्याकडे टो-बॉल कमी, पण शोभेचे हूक बसवलेले बाजारातले बंपर भरपूर. हूक लाल रंगाचा आणि जाड आहे म्हणून त्याला दोर अडकवला जातो, आणि मागे तो दोन बोल्टांवर पातळ पत्र्याला धरलेला असतो. बघायचं ते हुकाच्या मागे. तो थेट चेसिसला, योग्य जाडीच्या बोल्टांनी बसवलेला असेल तरच त्याला हात लावायचा. शिवाय सिंथेटिकचे आपले शत्रू आहेत: खडकाची धार, वर्षानुवर्षांचं ऊन, आणि ड्रममधली उष्णता. काही विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, आणि भार धरून दोर सोडत गेलं की ड्रम तापतो. हा धागा दीडशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. डोळ्यांना न दिसता आतले फेरे कमजोर होत जातात.

दोराचं दुसरं टोक कशाला बांधायचं, यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घेतो, आणि कप्पी लावली असेल तर आणखीच. कारण कप्पीने दोराचा ताण निम्मा होतो, पण झाडाच्या पट्ट्यावर पूर्ण ओढ येतेच. दिशा बदलण्यापुरती कप्पी वापरली, म्हणजे विंच एका गाडीवर, कप्पी झाडाला आणि हुक दुसऱ्या गाडीला, तर काटकोनात झाडावर दोराच्या ताणाच्या साधारण 1.4 पट भार येतो, आणि दोन्ही दोर जवळजवळ समांतर असतील तर दुप्पट. झाड ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही, पण गावातल्या माणसाला विचारण्याइतकी नम्रता लागते. नारळाला सोटमूळ नसतं, तंतुमुळांवर तो उभा असतो. पावसाने भिजलेल्या वाळूत मी त्याला एकट्याला कधी जबाबदार धरत नाही. शेवग्याचं आणि पांगाऱ्याचं लाकूड ठिसूळ. सड्यावरच्या झाडाखाली जांभा लगेच लागतो, मुळं खोल जात नाहीत. जुना आंबा, जांभूळ, वड असेल तर रुंद पट्टा जमिनीलगत बुंध्याला घालायचा. जितका वर बांधाल तितकी झाड उलथायची शक्यता जास्त. तार थेट बुंध्याला गुंडाळून तिचाच हुक तिच्यात अडकवला की झाडाची साल कापली जाते आणि तारही तिथे मोडते. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव वळसा मागे घ्यायची, नाहीतर भार येऊन गेल्यावर ती सुटत नाही. विजेचा खांब, विहिरीचा कठडा, शेतातल्या पंपाचं कॉंक्रीट यांना दोर लावायचा मोह मी अनेकांना झालेला पाहिला आहे. त्यांतलं काहीही आडव्या ओढीसाठी बांधलेलं नसतं. काहीच नसेल तर स्टेपनीला पट्टा बांधून ती खोल खड्ड्यात उभी पुरता येते. पट्ट्यासाठी उतरता चर काढायचा, वर माती दाबून भरायची. मेहनत भरपूर लागते, आणि ती करायची तयारी नसेल तर ओढायचंही नाही.

माणसांबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे गाडी रुतली की दहा मिनिटांत गर्दी होते. ही गर्दी मदतीच्याच भावनेने आलेली असते, आणि खणायला, दगड आणायला तिच्यासारखा आधार नाही. पण दोर ताणला जाऊ लागला की तीच माणसं दोराच्या रेषेत, हातात मोबाइल धरून, चांगलं चित्रण मिळेल अशा जागी उभी राहतात. सोडलेल्या दोराच्या दीडपट अंतरापर्यंत कुणी नको, रेषेत तर मुळीच नको, आणि ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही, हे आधी मोठ्याने सांगावं लागतं. सांगणारा एकच असावा. चालकाने त्याचाच इशारा पाहायचा. चार जण ‘घे, घे’ ओरडू लागले की चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, गाडी फूटभर पुढे उडी मारते, दोर सैल पडतो आणि पुढच्या क्षणी झटक्याने ताणतो. हा झटका शांत ओढीपेक्षा कितीतरी जास्त भार देतो, आणि आधी केलेला सगळा हिशेब वाया जातो. दोराच्या मध्यावर डॅम्पर किंवा भिजवलेलं जाड पोतं टाकायचं, बॉनेट वर उचलून काचेला आडोसा करायचा, हुकाचं तोंड वर ठेवायचं म्हणजे सुटला तर जमिनीकडे जाईल. हातमोजे चामड्याचे हवेत, आणि दोर हातातून सरकू द्यायचा नाही, एकामागून एक हात बदलत धरायचा. शेवटचा मीटरभर दोर आत घेताना हुकाला लावलेला छोटा पट्टाच धरायचा. बोटं जातात ती बहुधा इथे, काम संपलं असं वाटत असताना, दोर ड्रमकडे आत जातो त्या फेअरलीडच्या तोंडाशी.

आता वेळेची हरकत. पुळणीवर गाडी अडकली, भरती सुरू झाली, तेव्हा फावडी कसली चालवत बसता, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण भरतीचं पाणी सारख्या गतीने चढत नाही. साधारण सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात ते थोडंच वर येतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मी चढ होते. म्हणजे घाई असते तेव्हाच खणायला सगळ्यांत चांगला वेळ हातात असतो, आणि तोच वेळ चाकं फिरवण्यात जातो. पाणी खरोखरच दारापर्यंत आलं असेल, तर माणसं बाहेर काढायची आणि गाडी सोडायची. विमा गाडीचा मिळतो. दुसरी हरकत ट्रॅक्टरची: गावातला ट्रॅक्टर साखळी लावतो आणि दोन मिनिटांत गाडी काढतो, मग हा सगळा खटाटोप कशाला. ट्रॅक्टर मिळत असेल तर जरूर घ्यावा, चालकाला जमीन आपल्यापेक्षा चांगली कळते. पण नियम त्यालाही हेच लागू होतात. खणलेली गाडी तो विनाझटका काढतो, न खणलेली गाडी काढायला झटके देतो, आणि साखळी तुटली की तिच्या कड्या गोळ्यांसारख्या सुटतात. साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच हवी. उंच बांधली तर ओढीने ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आणि तो मागे चालकावर उलटू शकतो. तिसरी हरकत, की आजवर काही झालं नाही. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे. दोर, शॅकल, ब्रॅकेट प्रत्येक जड ओढीत थोडे थोडे खर्ची पडतात आणि बाहेरून तसेच दिसतात, त्यामुळे आजवर तुटलं नाही यावरून ते आज किती भार पेलतील हे कळत नाही.

गाडी निघाल्यावरही काम उरतं. शेतात केलेले खड्डे आणि चर बुजवायचे, बांध फुटला असेल तर त्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पद्धतीने लावून द्यायचा. खाचरातलं पाणी त्याने मोजून धरलेलं असतं. दोर मोकळा सोडून, त्यावर थोडा भार ठेवून पुन्हा नीट गुंडाळायचा. सैल गुंडाळलेल्या दोरात वरचा फेरा पुढच्या ओढीत खालच्या फेऱ्यांमध्ये रुततो आणि तिथेच चिमटतो. सिंथेटिक दोर चिखल धुऊन सावलीत वाळवायचा, हाताने चाचपत सगळ्या लांबीवर तपासायचा. तो कुठे कापला असेल तर नीट गुंफून सांधता येतो, पण ते काम शिकलेल्या माणसाने करायचं. गाठ मारली की ताकद निम्म्यापर्यंत जाते. तारेचा दोर एकदा दबला, पिळला किंवा त्याच्या तारा उकलल्या, की मी तो सांधत नाही, नवा घेतो. जुन्याचे आधी तुकडे करतो आणि मग भंगारात देतो, कारण आख्खा दिला तर कुणीतरी तो पुन्हा गाडी ओढायला नेतो.